गच्चीवरचे विमान

विमान घरी बांधता येते, वाचकहो! मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान उभे केले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. सरकारदरबारी नोंदणी व्हायला मात्र २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. त्यांनी तयार संचही घेतला नव्हता. परदेशात असे संच मिळतात. पण अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम स्वहस्ते केले, तरच ती हौशी बांधणी ठरते.

इकडे छत्रपती संभाजीनगरात आमच्या चिरंजीवांना आता तसाच संच हवा आहे. मी पडलो मराठीचा मास्तर! तरी पहिला रिव्हेट ठोकण्याआधी जिना मोजावा, एवढे मलाही कळते. पंख विमानतळावर नेऊन जोडता येतील. धड काही घडी घालून उतरवता येणार नाही. शिवाय पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्र लावता येते. इथे ती सोय कुठली?

सौ.ने पापड वाळवायची गच्ची द्यायला रुकार दिला आहे, पण एका अटीवर : विमानात मुलाच्या शेजारी पहिली ती बसणार. तेव्हापासून चिरंजीव माहितीपत्रकाचे प्रत्येक पान दोनदा वाचतात.