ताटाचा फोटो काढतो, टोपल्याचा का नाही?



परवा चुडाव्याला नातेवाइकांकडे विधानाच्या जेवणाला गेले होते. पंगत बसली आणि पहिला घास कुणी घेण्याआधीच मोबाइल निघाले. तीन गोडाचे पदार्थ, पुरी, कढी, दोन प्रकारचे भात, सगळं ग्रुपवर गेलं. पंगत उठल्यावर अख्ख्या पुऱ्या आणि अर्धे लाडू उष्ट्याच्या टोपल्यात पडले. त्याचा फोटो कुणीच काढला नाही. मीही नाही.

फोटो खरं बोलू शकतो, म्हणून जास्त राग येतो. छायाचित्रकार पीटर मेंझेल आणि त्यांच्या पत्नी फेथ डी'अलुझिओ यांचं 'हंग्री प्लॅनेट' हे पुस्तक 2005 साली आलं. त्यात 24 देशांतली 30 कुटुंबं आहेत, प्रत्येकाने आपलं आठवड्याचं अन्न मांडून ठेवलेलं आणि खाली त्याची किंमत. जर्मनीतल्या चौघांचं 500 डॉलर. उज्जैनच्या एका घराचं 39 डॉलर. आणि चाडमधल्या निर्वासित छावणीत एक आई, पाच मुलं; मदतीचं धान्य सोडलं तर विकतचं अन्न 1.23 डॉलरचं! मदतीच्या त्या धान्यात मुख्य काय, तर ज्वारी. आपल्या परभणीकडे घरोघरी जिची भाकरी होते आणि पाहुणे येणार म्हटलं की आपणच जिला ताटातून बाहेर काढतो, तीच.

यावर लगेच उत्तर येतं, "आपण शाकाहारी, आपला पृथ्वीवर भार कमीच." असेल. पण संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेल्याचं म्हटलंय, आणि त्यातलं सुमारे 60 टक्के घराघरांतून. म्हणजे स्वयंपाकघरातून, तुमच्या-माझ्या हातून.

दुसरं उत्तर जास्त धार्मिक असतं. "मर्यादा संपली, आता हे चालत नाही." अहो, मर्यादा पाळायची तर मापही पाळायला नको का? बटाटा-कांदा सोडला, सूर्यास्तापूर्वी जेवलो, आणि टोपलंभर अन्न सडायला ठेवलं. सडलेल्या अन्नात किती जीव उपजतात हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. विनाकारण केलेल्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात. पंगतीतलं हे उष्टं याहून वेगळं काय आहे? ऊनोदर हे तप आहे हे प्रवचनात ऐकून माना डोलावायच्या, आणि पंगतीत "एक घ्याच हो" म्हणत नको असलेला लाडू पानात टाकायचा. हा आग्रह बहुतेक वेळा आपण बायकाच करतो.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे कार्यक्रम आहे. आचाऱ्याला पाचच पदार्थ सांगितलेत, त्यात ज्वारीची भाकरी. पंगत उठली की टोपल्याचा फोटो मी स्वतः ग्रुपवर टाकणार आहे, जे असेल ते. जाऊबाई म्हणाल्या, लोक नावं ठेवतील. ठेवू देत.