इंटरनेट फोनच्या भेटीला बॅटरीची जोड हवी

निवृत्त सहकाऱ्याला वर्गणी काढून इंटरनेटवर चालणारा घरगुती फोन भेट देणे व्यवहार्य ठरते. जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांसाठी या सेवेची वाट मोकळी केली. मात्र डहाणू तालुक्यातील कासा परिसरात एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. तांब्याच्या तारेवरील जुना फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालत असे. घरची वीज गेली तरी तो बंद पडत नसे. इंटरनेट फोन विजेबरोबरच मुका होतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा अनेक कुटुंबांनी घराबाहेर रात्री काढल्या. अशा प्रसंगी संपर्क तुटणे परवडणारे नाही. म्हणूनच त्याच वर्गणीतून राउटरसाठी बॅटरी आणि वर्षभराचे शुल्कही द्यावे. अन्यथा देणारे मोकळे होतील आणि घेणाऱ्यावर खर्चाचा भार पडेल.