म्हाताऱ्या वेलींची किंमत

भाची स्पेनहून आली ती एक बाटली घेऊनच. "मावशी, रेड वाइन आहे. नुसती बघ तरी." सासूबाईंच्या भुवया वर! मी घेत नाही आणि कुणाला घ्या म्हणून सांगतही नाही. पण बाटलीवरचं नाव विचारलं आणि तिच्या गोष्टीत गुंतले. नाव 'पेतालोस', म्हणजे पाकळ्या.

स्पेनच्या वायव्येला बिएर्सो नावाचा डोंगराळ भाग आहे. शाळेच्या पाटीसारख्या दगडाच्या उतारांवर तिथे आजोबा-पणजोबांनी लावलेल्या द्राक्षवेली आहेत. कित्येक साठ-सत्तर वर्षांच्या, काही त्याहूनही जुन्या. मुख्य जात मेन्सिया, पण मधेमधे दुसऱ्या जाती, चक्क थोडी पांढरी द्राक्षंसुद्धा! दिसायला गोंधळ, पण त्यात शहाणपण होतं. थंडीच्या कडाक्यात एक जात गेली तर दुसरी तरायची. कुणी रंग द्यायचा, कुणी आंबटपणा, कुणी वास. अलिकांते बुशे जातीचा तर गरही लाल. सगळी द्राक्षं एकत्र तोडायची नि एकत्रच आंबवायची. आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी घालतात ना, हिशेब तसाच.

मग अडचण कुठे? म्हातारी वेल फळ कमी देते. उतारावर ट्रॅक्टर चढत नाही. खेचर, घोडा नाहीतर माणसाचे हात. वाटण्या होऊन शेतं एवढीशी, पोरं शहरात. त्यातच २००८ ते २०११ या काळात, वाइन जास्त होते म्हणून, युरोपीय महासंघाने वेली उपटायला पैसे दिले. सगळ्यात जास्त वेली स्पेनमध्येच उपटल्या गेल्या.

'पेतालोस' करणारे आल्व्हारो पालासिओस आणि त्यांचा भाचा रिकार्दो पेरेस पालासिओस. १९९९ मध्ये कोरुयोन गावी त्यांनी काम सुरू केलं. कंपनीचं नाव ठेवलं, 'जे. पालासिओस यांचे वंशज'. हे जे. म्हणजे एकाचे वडील आणि दुसऱ्याच्या आईचे वडील. मुलीचा मुलगाही वंशजच, बरं का!

त्यांचीच 'ला फाराओना' एका छोट्याशा तुकड्यातली. बाटल्या मोजक्या, भाव श्रीमंतांचा. जाणकार कौतुक करतात ते तिचं. माझं मत मात्र पाकळ्यांच्या बाजूनं. ती कितीतरी छोट्या शेतांतल्या द्राक्षांची, मऊ, जेवणासोबत रुचणारी, नवख्यालाही आवडणारी आणि त्यामानाने स्वस्त. महागड्या बाटलीने एक शेत जगतं, साध्या बाटलीने पुष्कळ. जुन्या वेली जपा असं नुसतं म्हणून त्या राहत नाहीत. द्राक्षांना भाव मिळाला तरच शेतकरी कुऱ्हाड बाजूला ठेवतो.

मैत्रिणींनो, जुन्याचं कौतुक आपणही भाषणात पुष्कळ करतो. पण बाजारात गेल्यावर गावरान वाल नि देशी ज्वारी आपल्या पिशवीत येते का?

बाटली अजून कपाटात तशीच आहे. परवा सासूबाईच म्हणाल्या, "अगं, त्या वेली अजून उभ्या आहेत ना?"