हातभर भिंत आणि दानाची रीत

सौंदर्य ही पोट भरलेल्या माणसाची चैन आहे, गरिबाने आधी भाकरीचे पाहावे आणि मग रंगाचे, असे आपल्यातील सुशिक्षित माणसेही बोलून जातात. वसतिगृहाच्या खिडकीला पडदा लावावा असे कोणी सुचविले, तर ‘त्या पैशांत दोन पुस्तके येतील’ असे उत्तर मिळते. उत्तर व्यवहाराचे आहे. परंतु त्यामागील समजूत तपासून पाहिली पाहिजे, कारण तिची मुळे आपल्या दारिद्र्यात नाहीत. ती आपल्यावर लादलेल्या निर्बंधांत आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिनिर्मूलना’वरील भाषणात १९२८ मधील इंदूर भागातील बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. तेथील सवर्णांनी बलाईंसाठी जे नियम घालून दिले, ते वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे ते नियम होते. त्याच भाषणात गुजरातमधील एका गावचा उल्लेख येतो. तेथे अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले, हाच त्यांचा अपराध ठरला. म्हणजे जातिव्यवस्थेने केवळ पाणवठा आणि देऊळ अडविले नव्हते. धोतराचा काठ, डोक्यावरील घागर आणि हातातील कांकण यांवरही तिचा पहारा होता. ज्याला माणूस म्हणून ताठ उभे राहू द्यायचे नाही, त्याला रंग निवडू द्यायचा नाही, हे त्या व्यवस्थेला नेमके कळले होते.

बाबासाहेबांनाही ते कळले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांशी बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखविणारी पद्धत सोडण्यास आणि अंगावरचे जड, ओबडधोबड दागिने टाकून देण्यास सांगितले. स्वच्छ व नीटनेटके राहा, हा त्या उपदेशाचा गाभा होता. चवदार तळ्याच्या लढ्याच्या भूमीवर लुगड्याच्या निऱ्यांविषयी बोलणे त्यांना गौण वाटले नाही. त्यांच्या स्वतःच्या जीवनातही ही दृष्टी होती. राजगृह त्यांनी ग्रंथांना केंद्रस्थानी ठेवून उभारले आणि त्याला बुद्धकालीन मगधाच्या राजधानीचे नाव दिले. उत्तम लेखणीची त्यांना आवड होती आणि उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. घटना लिहिणाऱ्या माणसाला व्हायोलिनसाठी सवड काढावीशी वाटते, यातून आपल्या मुलांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आता थोडे मागे जाऊ. बौद्ध परंपरा साधेपणाची आहे. परंतु ती रुक्षतेची कधीच नव्हती. विनयपिटकातील एक प्रसंग प्रत्येक शाळेत सांगितला जावा असा आहे. मगधातील भातशेतीतून जाताना तथागतांनी बांधांनी विभागलेली खाचरे पाहिली आणि त्या आखणीप्रमाणे चीवर करता येईल का, असे आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे कापून, जोडून तसे चीवर शिवून दाखविले. भिक्षूंच्या वस्त्राची रचना अशी शेतकऱ्याच्या शेतातून आली. टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून केलेले पांसुकूल वस्त्रही त्या परंपरेत मानाचे होते. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी पाहा. तिच्या धावदोऱ्यात तीच दृष्टी आहे. पाहायला शिकलेल्या डोळ्याला भाताचे खाचर पुरते. प्रेरणेसाठी दूर कोठे जावे लागत नाही.

दुसरा प्रसंग कौशांबीचा आहे. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, असे त्याने विचारले. ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना वाटीन, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरील अंथरुणे, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांचे धूळ झटकण्याचे फडके. आणि फडकेही विरले की ते मातीत कालवून जमीन लिंपायची. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. भेट घेणाऱ्याची जबाबदारी आणि वस्तूचे पूर्ण आयुष्य यांविषयी याहून नेमके विवेचन माझ्या वाचनात नाही.

विहारांच्या भिंतींनाही या परंपरेने मज्जाव केला नाही. पांढरा, काळा व गेरूचा रंग द्यावा, फुलांच्या माळांची व वेलींची नक्षी काढावी, अशी अनुज्ञा विनयात आहे. काही भिक्षूंनी स्त्रीपुरुषांची चित्रे काढली तेव्हा मात्र ती वर्ज्य ठरली. अर्थात सजावटीला मर्यादा होती. सजावटीलाच मनाई नव्हती.

आणि आपल्या सह्याद्रीतील लेणी तर सामान्य माणसांच्या भेटींनी घडली आहेत. कार्ल्याचा चैत्य पाहणारा माणूस शिल्पापुढे थक्क होतो. पण तेथील ब्राह्मी लेख वाचल्यावर अधिक थक्क व्हावे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव तेथे आहे. त्याचबरोबर धेनुकाकट येथील सामी या सुताराचे आणि सिंहदत्त या गंध विकणाऱ्याचेही आहे. दोघांची नावे दर्शनी दाराच्या कामाशी जोडलेली आहेत. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या सोनाराने दिलेली पाण्याची पोढी आणि लोहाराने दिलेली पायवाट यांची नोंद आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणी येतात. सांचीच्या दक्षिण तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे तेथेच कोरलेले आहे. एकाने दार दिले, एकाने पाणी, एकाने वाट. ज्याच्या हाती जे होते ते त्याने दिले आणि ते दोन हजार वर्षे टिकले. कारागिराचे नाव श्रेष्ठीच्या नावाशेजारी कोरले गेले, ही त्या समाजाची मोठीच ओळख आहे.

या पार्श्वभूमीवर आपली आजची घरे आणि आपल्या आजच्या भेटी पाहिल्या म्हणजे मन थोडे खट्टू होते. नोकरी लागली, घर झाले. दिवाणखान्यात काचेचे कपाट आले, त्यात प्लास्टिकची फुले आली आणि सत्कारात मिळालेल्या स्मृतिचिन्हांची रांग लागली. ही चिन्हे कोणाला कशासाठी दिली, हे देणाऱ्याला आठवत नाही आणि घेणाऱ्याला ती टाकवत नाहीत. शाल कपाटात, हार कचऱ्यात. याउलट, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी वही आणि पेन अर्पण करण्याचे आवाहन अलीकडे होऊ लागले, ते मला दानाच्या जुन्या रीतीशी जुळणारे वाटते. वही कोणाच्या तरी हाती जाते, तिच्यावर काहीतरी उमटते, आणि देणाऱ्याचे अभिवादन त्या अक्षरांत राहते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हस्तकलेचा गौरव करताना आपल्या मुलांना पुन्हा बापजाद्यांच्या धंद्याकडे लोटण्याचा डाव कोणी मांडू नये. दोर वळणे, केरसुण्या बांधणे, कातडे कमावणे ही कामे आपल्या पूर्वजांनी आवडीने निवडलेली नव्हती. ती जन्माने गळ्यात घातलेली होती. ‘पारंपरिक कौशल्य’ या गोड शब्दाआड ते विसरले जाऊ नये. कला तेव्हाच आनंद देते, जेव्हा ती सोडून देण्याचेही स्वातंत्र्य असते. मुंबईतील कलावंत सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ या नावाने टाकाऊ रबरापासून देखण्या पिशव्या घडविण्याचे काम उभे केले आणि शिवी म्हणून फेकलेला शब्द ठसठशीत नाममुद्रा म्हणून मिरविला. तेथे कौशल्य आहे, पण शरणागती नाही. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाने सुई, करवत आणि कुंचला हाती धरावा. मात्र त्यांतील कोणती गोष्ट आयुष्यभर धरायची, हे त्याचे त्याने ठरवावे.

हे सर्व या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण आहे. निवासी शाळेतील मुलाच्या वाट्याला एक खाट, एक पेटी आणि खाटेमागची हातभर भिंत येते. बहुतेक वसतिगृहांत त्या भिंतीवर काहीही लावण्यास मनाई असते. रंग खराब होतो, खिळ्यांनी गिलावा उखडतो, ही कारणे खोटी नाहीत. तरीही माझे स्पष्ट मत आहे की ती हातभर भिंत मुलाच्या मालकीची असावी. तेथे त्याने बाबासाहेबांचे चित्र लावावे, आईने शिवलेला कापडाचा तुकडा लावावा, पिंपळाचे जाळीदार पान लावावे किंवा स्वतः काढलेले वेडेवाकडे शेत लावावे. गिलाव्याच्या रक्षणासाठी प्रत्येक खाटेमागे एक लाकडी फळी ठोकली की प्रश्न मिटतो. घर सोडून आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला आपली म्हणावी अशी एक जागा मिळते. आज त्या जागेत काय लावायचे हे जो स्वतः ठरवतो, त्याला उद्या आपले मत मांडण्याचे बळ येईल, असा माझा अनुभवाचा विश्वास आहे.

माजी विद्यार्थ्यांनी संस्थेला आजवर भरभरून दिले आहे. त्यांना एवढेच विनवावेसे वाटते की पुढील भेट देताना कान्हेरीच्या त्या लोहाराची आठवण ठेवावी. जो सुतारकाम जाणतो त्याने अशा दहा फळ्या करून द्याव्यात. जो रंगकाम करतो त्याने एका खोलीला सुटीत स्वतःच्या हाताने रंग द्यावा आणि मुलांना सोबत घ्यावे. जो मोठ्या पदावर आहे त्याने कोऱ्या वह्या, रंगपेट्या, चांगल्या प्रकाशाचा दिवा द्यावा. त्यांवर आपले नाव हवे असल्यास कोपऱ्यात, लहान अक्षरांत घालावे. पालकांनी भेटीच्या दिवशी खाऊबरोबर घरातील जुन्या साडीची एक उशीची खोळ आणावी. दुकानातील खोळीपेक्षा तिच्यात मूल लवकर झोपते.

बलाईंच्या धोतराचा रंगीत काठ ज्यांनी हिरावून घेतला, त्यांना तो काठ किती मोलाचा आहे हे ठाऊक होते. आपल्या हाती तो परत आला आहे. आता तो आपल्या मुलांच्या हाती देणे, त्याचा दिखावा होऊ न देणे आणि तो विरला तर त्याची गोधडी शिवणे, एवढे आपण निश्चित करू शकतो. येत्या वर्षी शाळेच्या एका खोलीपासून आरंभ व्हावा.

जयभीम! नमो बुद्धाय!