दुव्यामागचा मुक्काम

हुंडी हाती आली की ती कोणी लिहिली, कोणावर लिहिली आणि रक्कम कोणास द्यावयाची, हे वाचल्यावाचून आपल्या पेढ्यांवर तिजोरी उघडत नसे. मोबाईलवरील आखूड दुव्यास मात्र आपण बिनदिक्कत बोट लावतो.

मागील महिन्यात आमच्या मुनीमजींना निरोप आला, ‘आपला माल अडला आहे, पत्ता दुरुस्त करा.’ खाली आखूड दुवा. माल खरोखरच वाटेत होता, म्हणून तर ते फसण्याच्या बेतात होते! पण दुव्यात वाहतूकदाराचे नाव दिसेना, म्हणून त्यांनी त्याच्या जुन्या क्रमांकावर विचारले. माल कोठेही अडला नव्हता.

दुवा आखूड करणारी सेवा स्वतः लबाड नसते. टायनीयूआरएल २००२ पासून हेच काम करीत आहे. लांबलचक पत्ता ती आपल्या वहीत नोंदते, बदल्यात छोटी खूण देते. खुणेवरून मुक्काम ओळखता येत नाही, आणि लबाडांचे फावते ते तेथेच. बिटलीच्या दुव्याअखेर अधिकचे चिन्ह जोडून तो ब्राउझरमध्ये लिहिल्यास मूळ पत्ता आधी दिसतो. तेथून पुढे आणखी कोठे धाडले जाईल, हे मात्र कळत नाही. म्हणून बँकेचे वा जीएसटीचे काम असेल तर संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहावा. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. संकोचापायी घरात लपविण्यात मोलाचा वेळ जातो.

मुनीमजींनी तो निरोप पुसलेला नाही. दुकानात नवा मुलगा आला की आधी तोच दाखवितात.