रॅकेट दिल्या, आता मेडल आणा!

मागच्या महिन्यात ऑफिसच्या सीएसआर टीमबरोबर सूरजागडच्या बाजूला जाऊन आलो. एटापल्ली तालुका, लोहखनिजाचा डोंगर, रस्त्यावर लाल धूळ. आमच्या कंपनीने तिथल्या एका आश्रमशाळेला वीस टेनिस रॅकेट दिल्या. फोटो झाले. मग साहेबांचं भाषण, "जिद्द असेल तर तुमच्यातूनच उद्याचा गौरव नाटेकर घडेल!" टाळ्या. मीपण वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

परतताना मात्र डोकं भणभणायला लागलं.

गौरव नाटेकरकडे जिद्द होतीच. 1994 च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण, पुढे अर्जुन पुरस्कार. पण घरात कोण होतं? नंदू नाटेकर! मूळचे सांगलीचे. ज्युनियर टेनिसच्या फायनलमध्ये रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. 1956 मध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. हरल्यावर पुढे काय करायचं, हे ज्या घराला ठाऊक होतं त्या घरात गौरव वाढला.

आणि तरीही सोपं नव्हतं. तेव्हाच्या सॅटेलाईट सर्किटमध्ये चार-चार आठवडे खेळा, तेव्हा कुठे शेवटी गुण. पहिल्या फेरीत हरलात तरी तिकिटाचं आणि हॉटेलचं बिल चुकत नाही. म्हणजे रँकिंग जेवढं मनगटाचं, तेवढंच खिशाचं. "पण त्याला ग्रँड स्लॅम कुठे जमलं?" असं कँटीनमध्ये चहा पीत विचारणाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडावा.

आता त्या आश्रमशाळेकडे या. कोर्ट नाही, कोच नाही. डबा उघडला की टेनिसचे बॉल काही आठवड्यांत मरतात. रॅकेटची तार तुटली तर बांधून कोण देणार? दोन वर्षांनी आपणच एसीत बसून म्हणणार, "आम्ही सगळं दिलं हो, या मुलांमध्येच जिद्द नाही." मला चीड येते ती याची. वस्तू द्यायची एकदा आणि अपयशाचं खापर फोडायचं कायमचं!

द्यायचंच असेल तर दहा वर्षं टिकेल असा एक कोच द्या, त्याचा पगार द्या. आणि त्याआधी मुलांना विचारा. नंदू नाटेकरांना खेळ बदलता आला. या मुलांना आम्ही निवडूसुद्धा दिला नाही.

आमची गाडी निघाली तेव्हा रॅकेट व्हरांड्यात रचून ठेवल्या होत्या. मुलं मैदानात कबड्डी खेळत होती. काय सुंदर खेळत होती म्हणून सांगू!

त्याचा फोटो मात्र कुणीच काढला नाही. मीसुद्धा नाही.