उलटतपासणी एका शनिवारची

मोर्चेवाल्यांविरुद्धचा पूर्वपक्ष आपल्या सगळ्यांना पाठ आहे. यांच्यामुळे शहराचा खोळंबा होतो, कामाला निघालेला सामान्य माणूस नाहक भरडला जातो, आणि एवढं करून निष्पन्न काहीच होत नाही. युद्धविरोधी मोर्चांचा विषय निघाला की या आरोपांच्या पुष्ट्यर्थ लंडनचा 15 फेब्रुवारी 2003 चा शनिवार साक्षीला उभा केला जातो. इराकवरच्या नियोजित हल्ल्याविरुद्ध त्या दिवशी पोलिसांच्या अंदाजाने साडेसात लाख आणि संयोजकांच्या मते त्याच्या दुपटीहून जास्त माणसं रस्त्यावर उतरली. 20 मार्चला युद्ध सुरू झालंच. मग कशाला हा खटाटोप?

साक्षीदार तोच ठेवू. उलटतपासणी तेवढी नीट घेऊ.

आधी खोळंब्याचं. त्या वर्षी 25 जानेवारीला चान्सरी लेनजवळ भुयारी रेल्वेची गाडी घसरली आणि पूर्व-पश्चिम लंडन जोडणारी अख्खी सेंट्रल लाइन बंद पडली. ती पुरती सुरळीत व्हायला एप्रिल उजाडला. 11 फेब्रुवारीला अतिरेकी हल्ल्याच्या धास्तीने हीथ्रो विमानतळाभोवती शेकडो सैनिक आणि लष्कराच्या चिलखती गाड्या आल्या. 17 फेब्रुवारीच्या सोमवारपासून मध्य लंडनात मोटार न्यायची तर दिवसाला 5 पौंड मोजा, असा नियम लागू झाला. रेल्वे बंद, विमानतळावर लष्कर, मोटारीवर पट्टी. आणि शहर वेठीला धरल्याचा ठपका कुणावर, तर सुट्टीच्या दिवशी चालत गेलेल्यांवर! (ते 5 पौंड बसवणारे महापौर केन लिव्हिंगस्टन त्याच मोर्चाच्या व्यासपीठावरून बोलले, ही गंमत वेगळीच.)

हा सामान्य माणूस तरी कोण? तो जणू फुटपाथवर हताश उभा आणि मोर्चेवाले परग्रहावरून आलेले, असं चित्र रंगवलं जातं. एम्बँकमेंट आणि गॉवर स्ट्रीट अशा दोन ठिकाणांहून निघालेले लोंढे पिकॅडिली सर्कसला मिळाले, तेव्हा त्यांत आयुष्यात कधी घोषणा न दिलेली असंख्य माणसं होती. गाजलेल्या फलकांपैकी एकावर तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर होते, हातात बंदूक आणि डोक्यावर शिरस्त्राणासारखा पालथा घातलेला चहाचा कप. लढाया कसल्या करता, चहा करा, असा त्याचा मजकूर. असा विनोद पक्षकार्यालयात सुचत नाही.

मग पूर्वपक्ष जरा मागे सरकतो. मोर्चा काढा, पण लोकांची सोय बघून काढा. आपल्याकडे यासाठी मार्च 2018 च्या किसान मोर्चाचं उदाहरण देतात. नाशिकहून पायी आलेले ते शेतकरी दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शीवपासून आझाद मैदानापर्यंत रातोरात चालले. त्या सौजन्याला हात जोडावेत. पण एकाचं सौजन्य ही दुसऱ्यासाठी अट कशी होईल? आणि सोय बघणाऱ्यांना सुखाने मोर्चा काढू देतात म्हणावं, तर लंडनच्या मंडळींनी शनिवार निवडला, मैदान मागितलं, तरी मंत्री टेसा जॉवेल यांच्या खात्याने आधी हाइड पार्क नाकारलंच. सुरक्षिततेचं कारण होतं, हिरवळीचंही. टीकेची झोड उठली तेव्हा परवानगी मिळाली.

सोयीचा मुद्दा ताणला की कुठे जातो, हे पार्लमेंट स्क्वेअरमध्ये दिसलं. ब्रायन हॉ नावाचा एक गृहस्थ इराकवरच्या निर्बंधांविरुद्ध जून 2001 पासून तिथे मुक्काम ठोकून होता. फलक, इराकी बालकांची छायाचित्रं, बाहुल्या, चिंध्या झालेले झेंडे असा त्याचा संसार पार्लमेंटसमोरच्या पदपथावर पसरला होता, जोडीला कर्णा. खासदारांना त्या कर्ण्याचा त्रास होई, आणि खरोखर होत असणार. पण उपाय काय निघाला? पार्लमेंटपासून किलोमीटरभराच्या टापूत पूर्वपरवानगीशिवाय निदर्शनंच नकोत, असा 2005 चा कायदा. त्याच कायद्याखाली डिसेंबर 2005 मध्ये एका तरुणीला दोषी ठरवण्यात आलं. तिने सेनोटाफ या युद्धस्मारकापाशी उभं राहून इराकमध्ये मारल्या गेलेल्या ब्रिटिश सैनिकांची नावं वाचली होती. यात वाहतूक कुणाची अडली? कुणाच्या कानाचे पडदे फाटले? मे 2006 मध्ये 78 पोलिसांनी रात्री येऊन हॉचा बहुतेक पसारा उचलला. पुढच्याच वर्षी मार्क वॉलिंजर या कलावंताने त्याची हुबेहूब प्रतिकृती टेट ब्रिटन कलादालनात मांडली आणि टर्नर पुरस्कार मिळवला. पदपथावर जे खुपत होतं, ते छताखाली चालून गेलं.

राहिलं निष्पत्तीचं. युद्ध थांबलं नाही, हे कबूलच आहे. 18 मार्चला पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने 412 विरुद्ध 149 मतांनी त्याला मंजुरी दिली. पण मोर्चाची कुणी दखलच घेतली नाही, हे खोटं. त्या शनिवारी ब्लेअर ग्लासगोत पक्षाच्या अधिवेशनात होते. तिथला मोर्चा सभागृहापाशी पोहोचण्याआधी बोलून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी भाषणच सकाळी ओढून घेतलं. दहा लाख माणसं आली तरी सद्दामने लादलेल्या युद्धांतल्या मृतांपेक्षा ती कमीच, असा हिशेब त्यांनी मांडला. मेलेल्यांचा आकडा मोठा आहे, म्हणून त्यात आणखी भर घालावी, हे कुठलं गणित? त्यांच्याच लेबर पक्षाच्या 139 खासदारांना ते पटलं नाही. 18 मार्चच्या मतदानात, युद्धाची गरज सिद्ध झालेली नाही, या दुरुस्तीच्या बाजूने त्यांनी मत दिलं. रॉबिन कुक तर आदल्याच दिवशी मंत्रिमंडळ सोडून गेले होते.

पुढे, ज्यांच्या नावाने युद्ध केलं ती महासंहारक शस्त्रं इराकमध्ये सापडली नाहीत. सरकारची पत गेली ती त्यामुळे, मोर्चामुळे नव्हे, असा शेवटचा आक्षेप. अर्धा खरा आहे. पण शस्त्रांचा फुगा फुटला तेव्हा देशाला धक्का कमी आणि संताप जास्त आला, कारण आम्हाला हे पटत नाही असं लाखोंनी युद्धाआधीच भर रस्त्यात सांगून ठेवलं होतं. 29 ऑगस्ट 2013 ला सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव कॉमन्समध्ये आला, तेव्हा इराक प्रकरणाने लोकमत विटलं आहे, हे पंतप्रधान कॅमेरून यांनीच सभागृहात मान्य केलं. प्रस्ताव 285 विरुद्ध 272 असा पडला. दोन दिवसांनी ओबामांनीही हल्ल्याआधी अमेरिकी काँग्रेसची संमती घेण्याचं जाहीर केलं, आणि तो हल्ला झालाच नाही. त्यात रशियाच्या मध्यस्थीचा वाटा मोठा, हेही खरं. पण मोर्चातून काहीच निष्पन्न होत नाही असं ज्यांना म्हणायचं आहे, त्यांनी आधी त्या 13 मतांचा हिशेब द्यावा.